जहाज, पुरावा आणि श्रद्धा

पुरेसा पुरावा हाती नसताना देवावर विश्वास ठेवणे हे विवेकी माणसाला शोभते काय? हा प्रश्न आज केवळ तत्त्वज्ञानाच्या वर्गात विचारला जात नाही. तो आपल्या घरांत, रात्रीच्या जेवणानंतर, कॉलेजात शिकणारा मुलगा वडिलांना विचारतो. रविवारच्या मिस्साला येणे सोडून दिलेली मुलगी आईला विचारते. आई बिचारी गोंधळून जाते आणि म्हणते, "अगं, असं विचारू नये." परंतु प्रश्न विचारू नये असे सांगितल्याने तो नाहीसा होत नाही, तो मनाच्या तळाशी जाऊन बसतो.

आज आपण ज्या रूपात हा प्रश्न ऐकतो, ते रूप त्याला एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये मिळाले. त्या घडणीत तीन माणसांचा मोठा वाटा होता. एक गणितज्ञ, एक जहाजांचा अभियंता आणि एक धर्मगुरू. तिघेही बुद्धिमान होते, तिघेही सचोटीचे होते आणि सत्याविषयी बेफिकीर असा त्यांच्यात एकही नव्हता. म्हणूनच त्यांचा वाद आपल्याला आजही काही शिकवू शकतो.

गणितज्ञाचा आक्षेप

विल्यम किंग्डन क्लिफर्ड यांचा जन्म १८४५ साली डेव्हन परगण्यातील एक्सेटर या गावी झाला. केंब्रिज येथे शिकत असताना आरंभी ते धर्मनिष्ठ अँग्लिकन होते. पुढे डार्विन आणि स्पेन्सर यांच्या विचारांच्या प्रभावाखाली त्यांची श्रद्धा लोपली. १८७१ साली, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले.

त्या काळी लंडनमध्ये 'मेटाफिजिकल सोसायटी' नावाचे एक मंडळ होते. १८६९ साली स्थापन झालेल्या या मंडळात श्रद्धावंत आणि संशयवादी एकाच मेजाभोवती बसत. कवी टेनिसन, राजकारणी ग्लॅडस्टन, शास्त्रज्ञ हक्सले आणि कॅथलिक महागुरू मॅनिंग हे सारे तिचे सभासद होते. १८७६ च्या एप्रिल महिन्यात क्लिफर्ड यांनी या मंडळापुढे एक निबंध वाचला. पुढील वर्षाच्या आरंभी तो 'कंटेम्पररी रिव्ह्यू' या मासिकात 'द एथिक्स ऑफ बिलीफ', म्हणजे 'विश्वास ठेवण्याची नीती', या नावाने प्रसिद्ध झाला.

निबंधाच्या आरंभी एका जहाजमालकाची गोष्ट आहे. त्याचे जहाज जुने झालेले असते. देशांतराला निघालेली कुटुंबे त्यात बसणार असतात. जहाज तपासावे, दुरुस्त करावे, अशी शंका मालकाच्या मनात येते; पण त्याला खर्च येणार असतो. मग तो स्वतःची समजूत घालतो: या जहाजाने आजवर कितीतरी वादळे पचवली, दैव या निराधार कुटुंबांना सांभाळून घेईल. हळूहळू त्याला खरोखरच वाटू लागते की, जहाज सुरक्षित आहे. जहाज भर समुद्रात बुडते आणि मालक विम्याचे पैसे घेऊन गप्प राहतो.

क्लिफर्ड विचारतात: हा माणूस प्रामाणिकपणे विश्वास ठेवत होता, म्हणून तो निर्दोष ठरतो काय? मुळीच नाही. समोर असलेल्या पुराव्यावरून तसा विश्वास ठेवण्याचा त्याला अधिकारच नव्हता. जहाज सुखरूप पोचले असते तरीही तो तितकाच दोषी ठरला असता. यावरून क्लिफर्ड यांनी एक कडक नियम सांगितला. अपुऱ्या पुराव्यावर कोणत्याही गोष्टीवर विश्वास ठेवणे हे कोणासाठीही, कोठेही आणि केव्हाही अनैतिकच होय. नियमाचा रोख कोणाकडे होता, हे श्रोत्यांना उमगल्यावाचून राहिले नाही.

ही गोष्ट त्यांनी केवळ कल्पनेतून काढली होती असे नव्हे. त्या वर्षांत सॅम्युएल प्लिम्सॉल हे खासदार सडक्या आणि अतिभाराने लादलेल्या जहाजांविरुद्ध मोहीम चालवीत होते. खलाशी त्या जहाजांना 'शवपेट्या' म्हणत. १८७६ सालीच त्याविषयीचा कायदा झाला. शिवाय क्लिफर्ड यांनी समुद्राचा कोप स्वतः अनुभवला होता. १८७० च्या डिसेंबरात सूर्यग्रहणाच्या निरीक्षणासाठी निघालेल्या पथकाबरोबर ते प्रवास करीत असता सिसिली बेटाजवळ त्यांचे जहाज खडकावर आदळले. सुदैवाने सारे बचावले.

आपण ख्रिस्ती लोकांनी क्लिफर्ड यांना लगेच उत्तर देण्याची घाई करू नये. त्यांचे अर्धे म्हणणे आपण आधी मान्य केले पाहिजे. 'देव पाहून घेईल' असे म्हणून जो बाप आजारी मुलाला डॉक्टरांकडे नेत नाही, तो त्या जहाजमालकाचाच भाऊ होय. चमत्काराच्या बातमीची शहानिशा न करता जो ती गावभर पसरवितो, तोही त्याच वाटेचा प्रवासी. आळसाला श्रद्धेचे नाव देणे हा श्रद्धेचाच अपमान आहे.

अभियंता आणि धर्मगुरू

परंतु श्रद्धा म्हणजे नेहमी असा आळसच असतो काय? या प्रश्नाचे सर्वांत गंभीर उत्तर क्लिफर्ड यांच्या निबंधाच्या सहा वर्षे आधीच प्रसिद्ध झाले होते आणि ते एका मैत्रीतून जन्माला आले होते.

जॉन हेन्री न्यूमन यांचा जन्म १८०१ चा. ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजचे ते फेलो होते. तेथे त्यांचा जिवलग मित्र म्हणजे हरेल फ्राउड. क्षयाने हरेल १८३६ साली वारला. त्याचा धाकटा भाऊ विल्यम याच कॉलेजात शिकला, गणितात चमकला आणि पुढे अभियंता झाला. रेल्वेच्या बांधणीत त्याने प्रख्यात अभियंते ब्रुनेल यांच्या हाताखाली काम केले. नंतर जहाजे लाटांवर का आणि कशी डोलतात, पाणी त्यांना किती विरोध करते, याचा त्याने ध्यास घेतला. टॉर्की येथे राहत्या घराजवळ त्याने लांबलचक हौद बांधला आणि त्यात जहाजांच्या छोट्या प्रतिकृती ओढून मोजमापे घेतली. आजही जहाजबांधणीच्या विद्यार्थ्यांना 'फ्राउड अंक' शिकावाच लागतो.

ज्या काळात विल्यम फ्राउड हे प्रयोग करीत होते, त्याच काळात, १८७० च्या सप्टेंबरात, 'कॅप्टन' ही ब्रिटिश नौदलाची नवी युद्धनौका स्पेनच्या किनाऱ्याजवळ वादळात उलटली. सुमारे ४८० माणसे बुडाली. तिच्या स्थैर्याविषयी जाणकारांनी आधीच शंका व्यक्त केल्या होत्या; तिचा जनक कोल्स स्वतःही तिच्याबरोबर बुडाला. अशा धंद्यातील माणसाने 'मला खात्री वाटते' या वाक्याला भ्यावे, यात नवल ते काय?

फ्राउड यांची भूमिका नेमकी हीच होती. न्यूमन यांना लिहिलेल्या पत्रांत ते सांगत की, मानवी बुद्धीचा कोणताही निष्कर्ष शंकेच्या पलीकडे नसतो. म्हणून प्रत्येक मत तात्पुरते धरावे आणि जे मत आपल्याला सर्वांत प्रिय वाटते, त्याचीच अधिक कसून तपासणी करावी. त्यांच्या दृष्टीने संशय हे पाप नसून कर्तव्य होते. मग धर्म ज्या निःशंक संमतीची मागणी करतो, ती प्रामाणिक माणसाने द्यावी कशी?

दरम्यान न्यूमन १८४५ साली कॅथलिक झाले होते. फ्राउड यांच्या पत्नी कॅथरिन यांनी १८५७ साली कॅथलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला आणि मागोमाग काही मुलांनीही. फ्राउड मात्र उंबरठ्याबाहेरच राहिले. तरीही दोघांचा स्नेह तुटला नाही. अशा मित्राला 'तू गर्विष्ठ आहेस' असे म्हणून गप्प करता येत नाही. न्यूमन यांनी तसे केलेही नाही. त्यांनी त्याचा आक्षेप जिवाला लावून घेतला आणि त्यावर वर्षानुवर्षे विचार केला. अनेक मसुदे त्यांनी अर्ध्यावर टाकून दिले. १८६६ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये विश्रांतीसाठी गेले असता त्यांना वाट सापडली आणि १८७० च्या मार्च महिन्यात 'ग्रामर ऑफ असेंट', म्हणजे 'संमतीचे व्याकरण', हा ग्रंथ प्रकाशित झाला.

दोराचे धागे

न्यूमन यांच्या ग्रंथाचे मर्म साध्या शब्दांत सांगायचे तर असे: माणसाची बुद्धी प्रत्यक्षात कशी चालते, हे आधी पाहा आणि मग तिच्यासाठी नियम करा.

ग्रेट ब्रिटन हे बेट आहे, याविषयी कोणाही इंग्रजाला तिळमात्र शंका नसते. पण त्यांतील कितीजणांनी स्वतः त्याला प्रदक्षिणा घातलेली असते? ही खात्री एका पुराव्यावर उभी नाही. नकाशे, प्रवाशांची वृत्ते, इतिहास, व्यापार, शाळेतील पाठ अशा असंख्य गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवितात. त्यांपैकी कोणतीही एक गोष्ट सुटी घेतली तर ती अपुरी. सर्व मिळून मात्र शंकेला जागा उरत नाही. न्यूमन यांनी एका पत्रात त्यासाठी दोराची उपमा वापरली होती. लोखंडी कांब अखंड असते, तर दोर बारीक धाग्यांचा बनलेला असतो. एकेक धागा सहज तुटेल, पण वळलेला दोर कांबेइतकाच भार पेलतो. गणिती वाचकांसाठी त्यांनी आणखी एक दृष्टान्त दिला: वर्तुळाच्या आत काढलेल्या बहुभुजाकृतीच्या बाजू वाढवीत गेलो की, ती वर्तुळाच्या जवळ जवळ जाते. ती कधीच वर्तुळ होत नाही. तरीही ती कोठे पोचू पाहत आहे, हे बुद्धीला स्पष्ट दिसते.

असे विखुरलेले धागे एकत्र पाहून निर्णयाला येणाऱ्या शक्तीला न्यूमन यांनी 'इलेटिव्ह सेन्स' असे नाव दिले. आपण तिला निष्कर्षबुद्धी म्हणू या. हवामान ओळखणारा अनुभवी शेतकरी, रणभूमीवर नजर टाकताच शत्रूची चाल ताडणारा सेनापती, यांच्या ठायी ती दिसते. आपल्याकडच्या उत्तनच्या किंवा पाचूबंदरच्या तांडेलाला विचारा. आज होडी समुद्रात घालू नये असे तो सांगतो, तेव्हा त्याची कारणे त्याला ओळीने मांडता येतीलच असे नाही. म्हणून तो अविवेकी ठरत नाही. त्याचे ऐकून होडी किनाऱ्यावर ठेवणारे खलाशीही अविवेकी ठरत नाहीत.

हा विचार ख्रिस्तसभेला अनोळखी नव्हता. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात असेच म्हटले होते. न पाहिलेले देश, न अनुभवलेल्या घटना, मित्रांचे शब्द, वैद्यांचे सल्ले, हे सारे आपण विश्वासाने स्वीकारतो. आपले आईवडील कोण, हेदेखील आपण इतरांच्या शब्दावरूनच जाणतो. त्या शब्दावर भरवसा न ठेवणारे मूल अधिक बुद्धिमान नव्हे, तर अधिक पोरके म्हणावे लागेल.

देवाच्या बाबतीत न्यूमन आरंभ करतात तो आपल्या सद्सद्विवेकापासून. वाईट कृत्य केल्यावर, कोणी पाहिलेले नसतानाही, आपण कोणाच्या तरी समोर उभे आहोत अशी लाज वाटते. ही लाज दगडासमोर वाटत नाही, व्यक्तीसमोर वाटते. हा एक धागा. त्यात सृष्टीची रचना, इस्राएलचा इतिहास, प्रभू येशूचे चरित्र, प्रेषितांची साक्ष आणि संतांची जीवने यांचे धागे वळले जातात.

मग अंधश्रद्धेचे काय?

येथे क्लिफर्ड यांचा अनुयायी उठून म्हणेल: "अशाने कोणीही कशावरही विश्वास ठेवील आणि त्याला निष्कर्षबुद्धीचे नाव देईल!" आक्षेप रास्त आहे. न्यूमन यांनी तो टाळला नाही. माणसाची खात्री कधी कधी चुकीची ठरते, हे त्यांनी मान्य केले. पण घड्याळ कधी कधी चुकते म्हणून आपण घड्याळे फेकून देत नाही. ती दुरुस्त करतो, दुसऱ्या घड्याळांशी ताडून पाहतो. तसेच निर्णयशक्तीचे आहे. ती अभ्यासाने, प्रामाणिकपणाने आणि प्रार्थनेने घडवावी लागते.

जहाजमालक आणि श्रद्धावंत यांच्यातील फरकही येथेच स्पष्ट होतो. जहाजमालकाजवळ पुरावा कमी होता असे नव्हे. उलट, विरुद्ध पुरावा समोर असताना त्याने तो दाबला आणि तेही पैसे वाचविण्यासाठी. न्यूमन यांच्या श्रद्धेने त्यांचे काय वाचविले? कॅथलिक होताना त्यांनी ओरिएलची फेलोशिप सोडली, ऑक्सफर्ड सोडले आणि अनेक जुने स्नेही गमावले. आपल्या सोयीसाठी ठेवलेला विश्वास आणि आपल्याकडून किंमत मागणारा विश्वास यांना एकाच तराजूत तोलणे न्याय्य नाही. अर्थात किंमत मोजली म्हणजे मत खरे ठरते असेही नाही. पण तो आत्मवंचनेचा मामला नाही, एवढे तरी त्यावरून कळते.

त्याच १८७० साली, एप्रिल महिन्यात, पहिल्या व्हॅटिकन परिषदेने श्रद्धा आणि बुद्धी यांविषयी आपली शिकवण जाहीर केली. परिषदेने दोन टोके नाकारली. बुद्धीला न पटणारे काहीच मानू नये, हे एक टोक. आणि धर्मात बुद्धीला थाराच नाही, हे दुसरे. श्रद्धेची संमती ही आंधळी चाल नव्हे, असे तिने स्पष्ट सांगितले. त्याचबरोबर श्रद्धा हे पवित्र आत्म्याचे दान आहे, हेही सांगितले. हाच धागा परमगुरुस्वामी दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ साली 'श्रद्धा आणि विवेक' या विषयावरील विश्वपत्रात पुढे नेला आणि त्यात न्यूमन यांचा गौरवाने उल्लेख केला.

नियमाची स्वतःची परीक्षा

क्लिफर्ड यांच्या नियमाला पुढेही अनेकांनी तपासले. अमेरिकन तत्त्वचिंतक विल्यम जेम्स यांनी १८९६ साली 'द विल टू बिलीव्ह' या व्याख्यानात एक मार्मिक मुद्दा मांडला. चूक टाळणे हे एक कर्तव्य, आणि सत्य मिळविणे हे दुसरे. क्लिफर्ड पहिल्यालाच सर्वस्व मानतात. पण पुरावा मिळाल्याशिवाय कोणावर भरवसाच ठेवणार नाही असे जो म्हणतो, त्याला मैत्री कधी लाभत नाही. कारण काही सत्ये भरवसा ठेवल्यानंतरच उलगडतात. जेम्स यांचे सारे म्हणणे आपल्याला स्वीकारता येणार नाही. श्रद्धा ही केवळ आपल्या इच्छेची निवड नाही. ती बोलणाऱ्या देवाला दिलेले उत्तर आहे. तरी त्यांचा मुद्दा विवाहित माणसाला सहज पटेल. विवाहाच्या वेदीवर उभे राहून 'होय' म्हणणाऱ्या वधूवरांच्या हाती पुढील पन्नास वर्षांचा कोणता पुरावा असतो? तरी त्यांचे 'होय' अविचारी नसते. त्यांनी एकमेकांना पाहिलेले, पारखलेले असते. आणि उरलेले अंतर ते वचनाने ओलांडतात.

शतकभरानंतर, १९८३ साली, आल्विन प्लँटिंगा या प्रोटेस्टंट तत्त्वज्ञाने आणखी एक प्रश्न विचारला. काल मी काय खाल्ले याची आठवण, समोरच्या माणसाला माझ्यासारखेच मन आहे ही जाणीव, यांना आपण कोणता पुरावा देतो? तरीही त्या मानणे विवेकाला धरून असते. मग देवावरील विश्वासालाच वेगळा कायदा का? आणि क्लिफर्ड यांचा नियम त्यांच्याच कसोटीवर घासून पाहिला तर? 'अपुऱ्या पुराव्यावर कधीही विश्वास ठेवू नये' या वाक्यासाठी पुरेसा पुरावा कोणता? ते वाक्य हौदात ओढून मोजता येत नाही. तेही एका थोर माणसाच्या नैतिक निष्ठेतून आलेले आहे.

१८७९ हे वर्ष

या कथेतील तिन्ही माणसांच्या वाटा १८७९ सालाशी येऊन थांबतात. त्या वर्षीच्या मार्चमध्ये क्लिफर्ड क्षयाने मदेरा बेटावर वारले. त्यांचे वय अवघे तेहतीस होते. कॅथरिन यांच्या निधनानंतर विल्यम फ्राउड नौदलाच्या जहाजातून दक्षिण आफ्रिकेला गेले होते. ४ मे रोजी सायमन्स टाऊन येथे त्यांनी डोळे मिटले. ज्या खलाशांसाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्यांच्याच नौदलाने त्यांना मानवंदना देऊन निरोप दिला.

त्याच दिवसांत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे न्यूमन कार्डिनलपद स्वीकारण्यासाठी रोमला गेले होते. त्या धामधुमीत, २९ एप्रिल रोजी, त्यांनी कशाला वेळ दिला? जुन्या मित्राच्या शंकांना उत्तर देणारे एक दीर्घ पत्र लिहिण्याला. ते पत्र फ्राउड यांच्या हाती कधी पडले नाही.

न्यूमन यांना २०१९ साली संतपद मिळाले आणि २०२५ साली सर्व संतांच्या सणाच्या दिवशी परमगुरुस्वामी चौदावे लिओ यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. परंतु या आचार्यांनाही आपल्या जुन्या मित्राची खात्री पटविता आली नाही. युक्तिवाद दार उघडू शकतो. आत पाऊल टाकणे ज्याचे त्याच्याकडे आणि देवाच्या कृपेकडे असते. प्रेषित थॉमसला प्रभूने शंकेबद्दल शिष्यांच्या मेळ्यातून हाकलून दिले नाही. आठ दिवस तो त्यांच्यातच राहिला, म्हणून प्रभू आला तेव्हा तो तेथे होता.

म्हणून ज्या आईवडिलांच्या घरी हा प्रश्न विचारला जात आहे, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प करू नका. त्याचा प्रश्न अभ्यासा; उत्तर ठाऊक नसेल तर त्याच्याबरोबर शोधा. आणि तुमचे स्वतःचे जीवन हाही त्या दोरातील एक धागा आहे, हे विसरू नका. तुमची क्षमा, तुमचा प्रामाणिक व्यवहार, आजाऱ्याच्या उशाशी बसून तुम्ही म्हटलेली रोजरीची प्रार्थना यांतून तुमच्या मुलाला जे दिसते, ते कोणत्याही ग्रंथात सापडत नाही. तो पुरावा अपुरा राहू नये, ही जबाबदारी मात्र क्लिफर्ड यांची नाही, न्यूमन यांचीही नाही. ती आपली आहे.